चढावरची ठकठक आणि कोंडाक्काचे कान

एका जंगलात एक जीप होती. हसू नका. बिबट्या तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन बसतो, तेव्हा हसता का? मग जंगलात जीप असली तर काय बिघडलं?

ती आली कशी, तेही सांगतो. पूर्वी कधीतरी मोजणीवाले साहेब आले होते. त्यांनी समोरचा चढ पाहिला, जीप तिथेच सोडली आणि चालत परत गेले. साहेब अजून रजेवर आहेत. तेव्हापासून जीप जंगलाची झाली. ती करंजाच्या तेलावर चालायची. रोज सकाळी नदीकाठच्या प्राण्यांना चढ चढवून वरच्या पठारावर चरायला न्यायची आणि संध्याकाळी खाली आणायची.

जीप चालवायची कोंडाक्का. कोंडाक्का म्हणजे भेकर. भेकर ठाऊक आहे ना? हरणाच्या नात्यातलं, अंगानं लहान आणि कानांचं फार तिखट. टेकडीपलीकडे वाघ नुसता शिंकला तरी भेकराला कळतं आणि ते ओरडून सगळ्यांना सावध करतं. कोंडाक्काचे पाय क्लचपर्यंत पोचत नसत, म्हणून ती पाठीशी गवताची पेंढी घेऊन बसायची. जीपवर तिचा फार जीव होता. तिला दुसरं कोणी नव्हतंच.

जीप म्हातारी झाली होती. डावं दार कुरकुरायचं, मडगार्ड थरथरायचं, मागची सीट कण्हायची. हे सगळे आवाज कोंडाक्काच्या ओळखीचे होते. पण एके दिवशी दुसऱ्या वळणाच्या वर, गाडी भरलेली आणि इंजिन तापलेलं असताना, खालून एक नवाच आवाज आला. ठक्-ठक्-ठक्. आतून कुणीतरी दार वाजवत असावं तसा.

कोंडाक्कानं कान टवकारले. हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता.

संध्याकाळी तिनं जीप हरबा मिस्त्रीकडे नेली. हरबा हे वानर होतं. जंगलात पाना एकट्या हरबाकडे होता, म्हणून तो मिस्त्री. त्यानं जांभळीच्या सावलीत जीप उभी केली, पाणी पिऊन आला, विडी ओढली. मग जीप चालू केली, बॉनेट उघडून स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. तोवर इंजिन थंडगार झालेलं. ते असं मऊ चालत होतं की हरबाला डुलकीच लागली.

"आक्का, काही नाही हो," जागा होऊन तो म्हणाला. "मस्त आहे गाडी."

"अरे, इथं नाही येत. चढावर येतो."

"मग चढावर नेऊ नका."

"अरे पण पठार वर आहे ना!"

"ते काय माझ्या हातात आहे का?" हरबा म्हणाला आणि पाना पुसू लागला.

कोंडाक्का गेली सरपंचाकडे. सरपंच होते बळवंतराव गवे. शरीर केवढं, आवाज केवढा आणि शब्दाला वजन केवढं! त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच समिती नेमली. कारण, मुलांनो, आवाज आला की आधी समिती नेमायची असते. तिच्या गलबल्यात पहिला आवाज बराचसा बुडून जातो.

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या सपाट मैदानात सगळं जंगल जमलं. बॉनेट उघडलं. प्रत्येकानं आत डोकावून "हं" म्हटलं. रानडुक्कर म्हणालं, कचरा आला असेल. मोर म्हणाला, रंग उडालाय, रंग द्या. सशानं आधी धूम ठोकली, मग इंजिन चालू नाही हे कळल्यावर तो परत आला. शेवटी जीप चालू केली. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारी मुलं असतात ना, तुमच्यासारखी नव्हे, तशी ती गुपचूप चालू राहिली.

"सरपंचसाहेब," कोंडाक्का काकुळतीला आली, "एकदा फक्त दुसऱ्या वळणापर्यंत चला. सगळे बसा. इंजिन तापू द्या. तुम्हाला स्वतःलाच ऐकू येईल."

सरपंचांनी उन्हाकडे पाहिलं. समितीनं सरपंचांकडे पाहिलं.

"एवढ्यासाठी तेल जाळायचं?" सरपंच म्हणाले. "आपण लोकशाहीनं जाऊ. ज्यांनी ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांनी पाय वर करा."

पठारावर रोज जाणारे ससे आणि चितळं खाली मान घालून उभी राहिली. ती रोज गाडीत गप्पा मारत असायची. शिवाय सरपंचांसमोर पाय वर करायची कुणाची छाती होती? एकच पाय वर झाला. तो कोंडाक्काचा होता.

आवाज नाही, हे प्रचंड बहुमतानं ठरलं.

मग सरपंच खालच्या सुरात, मायेनं म्हणाले, "कोंडाक्का, तुम्ही आम्हाला घरच्यासारख्या. एकदा कान दाखवून घ्या. गाडीला काही नसून तुम्हाला ऐकू येतंय, हे काही चांगलं लक्षण नाही. आणि नसेल झेपत तर तसं सांगा. आमचा भाचा घरी रिकामाच आहे. स्टीअरिंग धरायला तो एका पायावर तयार आहे."

जीप भाच्याच्या हाती? त्याला गिअर आणि हँडब्रेकमधला फरकही कळत नव्हता. कोंडाक्का मुकाट्यानं डॉक्टर घुबडांकडे गेली.

डॉक्टरांनी तिच्या कानात बराच वेळ पाहिलं. "गरजेपेक्षा जास्त ऐकू येतंय," ते म्हणाले. "वयोमानानं होतं असं." त्यांनी सावरीचं बोंड फोडलं, मऊ कापूस काढला आणि दोन्ही कानांत गच्च बसवला.

गंमत म्हणजे ठकठक त्याच दिवशी थांबली! जीप दुरुस्त झाली म्हणून हरबा मिस्त्रीचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. हरबानं भाषणात चढाचे आभार मानले.

पण मुलांनो, पायांना कापूस कुठे लावता येतो? क्लचवर खूर ठेवला की कोंडाक्काला तो हादरा कळायचा. ठक्-ठक्-ठक्. रोज थोडा जास्त. तिला रडू यायचं. आता ती कुणाला काही सांगत नव्हती.

मग सरपंचांच्या मेव्हण्याच्या बारशाचा दिवस आला. म्हणजे मेव्हण्याच्या मुलाच्या हो! बारसं वर पठारावर होतं. सरपंच स्वतः पुढच्या सीटवर बसले. मागे डॉक्टर, हरबा, भाचा, पाळणा आणि घुगऱ्यांचं पातेलं. जीप इतकी कधीच भरली नव्हती.

दुसरं वळण संपलं. चढ सुरू झाला. इंजिन तापलं.

ठक्-ठक्-ठक्!

सरपंचांचे कान ताठ झाले. "कोंडाक्का, हा कसला आवाज?"

कोंडाक्का समोर बघत होती.

"कोंडाक्का! अहो, खालून काहीतरी ठोकतंय! गाडी थांबवा!"

"काय म्हणालात?" कोंडाक्कानं विचारलं. "जरा मोठ्यानं बोला, औषध चालू आहे माझं!"

सरपंच जिवाच्या आकांतानं डुरकले. मागून हरबा ओरडला, डॉक्टर घूत्कारले, भाच्यानं पाळण्याला मिठी मारली. कोंडाक्काला वाटलं, बारशाचं गाणं चाललंय. तिनं गाडी जरा घाईनं रेटली. आणि मग असा धडाका झाला की कापसातूनही तो तिला ऐकू आला. इंजिनाचं पोट फोडून एक लोखंडी दांडा बाहेर आला, काळं ऑइल रस्त्यावर सांडलं आणि जीप जागच्या जागी थांबली.

कुणालाही लागलं नाही. घुगऱ्या तेवढ्या दरीत गेल्या.

चौकशी तिथेच, रस्त्यावर झाली. हरबानं सांगितलं, माझ्या सावलीतून गाडी निघाली तेव्हा ठणठणीत होती. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर कोंडाक्काचे कान तपासले.

"हिला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "कानात कापूस आहे."

"कानात कापूस घालून गाडी चालवतात?" सरपंच संतापले. "आवाज एवढा स्पष्ट येत होता! ड्रायव्हरचं लक्ष नको?"

कोंडाक्काला तिथल्या तिथे कामावरून कमी केलं. जीप भाच्याला मिळाली. तो लगेच आत बसून स्टीअरिंग फिरवू लागला आणि म्हणाला, "मामा, आता तर अजिबात आवाज येत नाहीये!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते पायी पठाराकडे निघाले.

कोंडाक्कानं कानांतला कापूस काढला. बॉनेट अजून गरम होतं. त्यावर गाल टेकवून ती हळूच म्हणाली, "तू सांगत होतीस गं. मी ऐकत होते."

तात्पर्य : म्हाताऱ्या गाडीतून नवा आवाज येऊ लागला, तर ज्याला तो ऐकू आला त्याला आधी दुरुस्त करावं. गाडी काय, पुढे आपोआप गप्प होते.