मामाच्या नावाचा व्हिडिओ

लेकीच्या, निकिताच्या लग्नाच्या निमंत्रणाचा व्हिडिओ मीच करणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं! बावीस वर्षं सोनईच्या शाळेत क्लार्क आहे मी. मराठी टायपिंगमध्ये माझा हात धरणारा अख्ख्या नेवासा तालुक्यात सापडायचा नाही! फोटो एकही नको, नुसती अक्षरं. फोटो टाकला की कुणाचा टाकला आणि कुणाचा राहिला यावरून भावकी पेटते. अक्षरं बिचारी गरीब. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, नावं उडत येणार, तारीख लुकलुकणार, खलास!

"पप्पा, दुकानातून करून घेऊ ना," लेक म्हणाली.

"मग मी कशाला आहे?"

मोबाईलवर ॲप घेतलं, दोन दिवस खपलो आणि पहिला मान मामाचा म्हणून व्हिडिओ सगळ्यात आधी श्रीगोंद्याला धाडला. आबासाहेब म्हणजे माझ्या बायकोचे, चांगुणाचे थोरले भाऊ. निकिता त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. अंतरपाटाच्या वेळी मामा पाठीशी उभा नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं तिने आधीच बजावलं होतं.

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही!

दुसऱ्या दिवशी चांगुणाने भावजयीला, लंकाबाईंना फोन लावला.

"बघितला त्यांनी," लंकाबाई म्हणाल्या. "चष्मा काढून ठिवला अन् गप बसल्यात."

"चष्मा काढला? म्हणजे अक्षर बारीक!" मी ताडलं.

"अवो, आपन एकदा..." चांगुणा सुरू झाली.

"मधे बोलू नकोस! डोक्यातलं जातं."

मी त्यांचं नाव एवढं मोठं केलं की आधी 'आबा' आले आणि 'साहेब' मागून आले. पाठवलं. निळ्या खुणा. पुन्हा शांतता!

"आता काय म्हणाले?" मी लंकाबाईंना विचारलं.

"बघितला अन् उठून मळ्यात गेले."

मी व्हिडिओ परत पाहिला आणि मला घाम फुटला. नाव खालून येत होतं! ज्यांच्या पाया पडायचं, त्यांचं नाव पायाकडून? वर पोचल्यावर ते दोन उड्याही मारत होतं. साठीच्या माणसाला मी नाचवत होतो!

तिसऱ्या व्हिडिओत नाव वरून, अगदी अदबीने उतरवलं. इतक्या अदबीने की अर्धं मिनिट त्यातच संपलं. नवरा मुलगा आणि मंगल कार्यालय दोघंही बाहेर राहिली. चौथ्यात आबासाहेब मधोमध ठेवले आणि बाकीचे पंचवीस नातेवाईक त्यांच्याभोवती फिरवले. व्याह्यांचं नाव फिरता फिरता आबासाहेबांच्या नावावर आपटलं आणि फुटलं! तेही गेलं श्रीगोंद्याला. माझा अंगठा आता माझं ऐकत नव्हता.

"आज जेवायला बी न्हाई म्हनले," लंकाबाईंनी कळवलं.

निकिताने हुंदका दिला. माझं काळीज हललं, पण जिद्दही चढली.

"रडू नकोस! सोनेरी अक्षरं करतो, वरून फुलं टाकतो. मामा खूश होईपर्यंत हा गोरक्ष मागे हटणार नाही!"

"अवो, पन आपन..."

"चांगुणा!"

पाचवा व्हिडिओ गेला आणि लगेच फोन वाजला. खुद्द आबासाहेब! मी स्पीकर चालू केला.

"पाव्हनं, मिळाला बरं का."

"कसा वाटला? सोनेरी रंग फिका पडला का?"

"नाव खालून आलं, वरून आलं, फुलात न्हाऊन आलं. समदं झालं." आवाज जड झाला. "पन भाचीच्या लग्नाची पत्रिका अन् अक्षता घिऊन तुमी कवा येताय? दाराकडं बघून बघून मान धरली माझी!"

मी गार पडलो. पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला, तीही घरी जाऊन, कुंकू लावून हातात द्यायची. हे मी लोकांना शिकवतो! आणि आमच्या पत्रिका छापखान्यातून आल्या तशा कपाटात बांधलेल्या पडल्या होत्या.

चांगुणाने कपाटातून पत्रिका काढली. तिने अक्षता पुडीत बांधल्या आणि गाडीत जाऊन बसली. आबासाहेबांनी दारातच निकिताला पोटाशी धरलं. मामा-भाची रडली, मग मीही रडून घेतलं.

सोनईहून श्रीगोंदा फार तर अडीच तास. मला अकरा दिवस लागले!