वेल्सबरी चौक

साहेब, चिखलीत जे घडलं त्याला जबाबदार तुम्ही आहात. फ्लेक्स छापणारा नाही, हार घालणारे नाहीत, आणि जयमालाबाईंचा नवरा तर नाहीच नाही. त्या माणसाला गाडी सोडून जगातलं काही कळत नाही. तुम्ही खुर्चीत बसून, न वाचता, न विचारता सही ठोकलीत आणि एका बाईच्या मिरचीत माती कालवलीत. तुमचं नाव घेत नाही. महापालिकेतली ती खुर्ची अख्ख्या शहराला माहीत आहे.

झालं ते असं. जयमालाबाईंच्या बचत गटाने मसाल्यासाठी मिरची कांडायचं मशीन घेतलं. सोमवारी ते येणार होतं आणि ठेवायला जागा एकच, घरामागचं पत्र्याचं शेड. त्या शेडमध्ये वर्षानुवर्षं एक विलायती गाडी आडवी पडली होती. वेल्सबरी. काळीभोर, लांबलचक, मागच्या सीटवर चौघं पाय पसरून बसतील अशी. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात बाईंचे यजमान बबनराव पाण्याची टाकी घ्यायला गेले होते आणि ही घेऊन आले. टाकी अजून आलेली नाही.

गाडी चालत नव्हती, पण तिच्यावर बबनरावांचं तोंड अखंड चालायचं. दूधवाला असो की मीटर बघायला आलेला माणूस, प्रत्येकाला ते वेल्सबरी साहेबांची कुळकथा ऐकवायचे. साहेब कसे लोहाराच्या पोटी जन्मले, बग्ग्यांची चाकं ठोकता ठोकता मोटारी कशा बनवू लागले, प्रत्येक गाडीत मागे बसून स्वतः चहा कसा प्यायचे आणि एक थेंब सांडला तरी गाडी परत कारखान्यात कशी पाठवायचे. एका राजाने सोन्याच्या मुठी मागितल्या तर साहेबांनी त्याला गाडीच दिली नाही. बबनरावांना स्वतःच्या पणज्याचं नाव सांगता येत नव्हतं. वेल्सबरी साहेबांचे चार पिढ्यांचे पूर्वज मात्र तोंडपाठ.

"सोमवारी शेडात मशीन येनार," जयमालाबाईंनी सांगून टाकलं. "गाडी इकली न्हाई तर तुमचं अंथरून बी गाडीतच टाकते."

बबनरावांचा चेहरा क्षणभर उजळला, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की ही धमकी काही उपयोगाची नाही. मग त्यांनी सांगितलं की गाडी विकली नाही तर भंगारवाल्याला बोलावीन. त्यासरशी बबनराव चप्पल घालून नागसेनच्या फ्लेक्सच्या दुकानात पोचले.

नागसेन आपल्या धंद्यात मुरलेला. त्याने गाडीचा फोटो बाजूला सारला आणि बबनरावांच्या जुन्या माहितीपुस्तकातला वेल्सबरी साहेबांचा फोटो उचलला. पांढऱ्या मिशा, काळा कोट, करारी नजर.

"काका, गाडी बघून कोन थांबत न्हाई, रस्त्यावर गाड्याच गाड्या हायत," तो म्हणाला. "मानूस बघून थांबत्यात. वर मानूस, मधी नाव, खाली तुमचा मजकूर."

बबनराव हरखले. साहेबांचा मान राहील म्हणून त्यांनी जन्म आणि मृत्यूची सालंही दिली. आता काळापांढरा फोटो आणि खाली दोन सालं आली की नागसेनचा हात आपोआप हाराकडे जातो; त्यात त्याचा दोष नाही, या शहराने त्याच्या हाताला तेच वळण लावलंय. भलामोठा फ्लेक्स चौकात लागला. वर हार घातलेले साहेब, मधे "थोर वाहननिर्माते सर एडमंड वेल्सबरी", आणि तळाला "गाडी विकणे आहे" व फोन नंबर. तळाचा तेवढा भाग नेमका वडापावच्या टपरीच्या पत्र्यामागे गेला.

सकाळी पहिला हार आला तो सनीचा. सनी निवडणुकीला उभा राहणार होता आणि चौकातली एकही जयंती हातची सोडत नव्हता. हा कोण महापुरुष आणि आपल्याला कसा ठाऊक नाही, या विचाराने त्याला घाम फुटला होता. पण ठाऊक नाही असं म्हणायचं कसं?

"काका, साहेबांचा कार्यक्रम आन मला एका शब्दानं बोलला न्हाई?" त्याने रुसून विचारलं. मग आवाज खाली आणून, "तसे साहेब कुठल्या भागातले?"

"बर्मिंगहॅम," बबनराव अभिमानाने म्हणाले.

"तिकडं आपली मतं किती?"

बबनरावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन साहेबांबद्दल विचारलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. सनीने त्यातलं लोहाराचं पोर आणि राजाला नाही म्हणणं तेवढं उचललं. भाषणाला तेवढं पुष्कळ होतं. दुपारपर्यंत त्याचा फ्लेक्स लागला, "कष्टकऱ्यांचे कैवारी वेल्सबरीसाहेब यांना विनम्र अभिवादन". संध्याकाळी त्याच्या विरोधातल्या आयुषदादांचा त्याहून मोठा लागला. साहेब तेच, हार जाडा, आणि खाली आयुषदादांचे अठ्ठावीस शुभेच्छुक.

दुसऱ्या दिवशी बेकायदा फ्लेक्स उतरवणारी गाडी आली. शिडी लागली, एक जण वर चढला, हार बघितला आणि तसाच खाली उतरला. तुम्हाला फोन गेला, साहेब. तुम्ही विचारलंत का की हा माणूस कोण? नाही. "भावना दुखावतील, हात लावू नका," एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात.

फ्लेक्स राहिले म्हणताना सनीने रविवारी मिरवणूकच काढायची ठरवली. साहेबांनी स्वतःच्या हातांनी घडवलेली गाडी गावात आहे म्हटल्यावर ती हवीच. पोरं शेडवर आली, चाकांत हवा भरली, गाडीला झेंडूच्या माळा चढल्या. इंजिन सुरू होईना, तर वीस जणांनी धक्का दिला. पुढे हलगी, मागे गुलाल. बबनराव मागच्या सीटवर चहाचा कप धरून बसले होते. ढकलणाऱ्यांना ओरडून सांगत होते, "एक थेंब न्हाई सांडला! बघा, एक थेंब न्हाई!"

जयमालाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मिरवणूक वळणाआड गेली, तशा त्या शेडकडे वळल्या. शेड रिकामं होतं. त्यांनी गटातल्या गिरजाबाईंना हाक मारली, दोघींनी झाडून घेतलं, सडा टाकला. सोमवारी मशीन आलं, पायात बोल्ट ठोकून पक्कं बसलं आणि पहिला घाणा निघाला. आळीभर शिंका आणि हसू. गाडी चौकातच राहिली. बबनराव दिवसातून दोनदा जाऊन तिच्या काचा पुसून येत. बाईंना वाटलं, सुटलो.

पण साहेब, तुम्ही कसले सुटू देता? सनी आणि आयुषदादा दोघेही तुमच्याकडे आले, दोघांनीही एकच मागणी केली आणि तुम्ही सही केलीत. चौकाला पाटी लागली, "वेल्सबरी चौक". गाडीभोवती उंच लोखंडी जाळी, वरूनही बंद, वेल्डिंग करून बसली.

मग कुणीतरी तुम्हाला सांगितलं की हा वेल्सबरी म्हणजे मोटारी विकणारा इंग्रज आहे. तुम्ही दचकलात. बबनरावांना नोटीस आली, गाडी तात्काळ मूळ जागी न्या.

मूळ जागी मिरची कांडली जात होती. त्याच आठवड्यात निगडीचे सिद्धेश नावाचे गृहस्थ आले. त्यांना अशा जुन्या गाड्यांचं वेड. त्यांनी जाळीतून गाडी बघितली, गाडीचा आणि साहेबांचा सगळा इतिहास बबनरावांकडून मान हलवत ऐकला आणि व्यवहार ठरवला. बबनरावांनी डोळे पुसले, कारण पहिल्यांदाच कुणीतरी मधे घड्याळ बघितलं नव्हतं. गाडी न्यायला ट्रेलर येऊन उभा राहिला.

आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की जाळीला दार नाही.

जयमालाबाई तशाच, मिरचीच्या हातांनी, तुमच्या केबिनमध्ये आल्या. सोबत गटाच्या बाया. तुम्ही शिंकलात, मग फाईल चाळून नियम सांगितलात. जाळी ही स्मारकाची. ती कापायला सभेचा ठराव लागतो आणि सभा निवडणुकीनंतर. कापली तर गुन्हा. गाडी मात्र शुक्रवारच्या आत निघाली पाहिजे, न निघाल्यास दंड.

बाईंनी पदर खोचला, तुमच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"जाळी तुमी मारली, दार तुमी ठेवलं न्हाई, गाडी काढा बी तुमीच म्हनताय. इकत घेनारा भाईर ट्रेलर घेऊन उभा हाय. आता मला सांगा साहेब, ती गाडी मी काढू कुठनं? आमी बसलोय हितं. मशीन गिरजाबाईची सून बघतीय, आमाला घाई न्हाई. द्या उत्तर."