अली, टायसन आणि न फुटलेली सुपारी

मुकुंदराव पांढरीपांड्यांचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि दोष एकट्या मे महिन्याचा नव्हता. भिवापूरचे रुपराव ठवकर आज सहकुटुंब त्यांच्या खामल्याच्या फ्लॅटवर येणार होते. त्यांचा अश्विन आणि मुकुंदरावांची अदिती एकाच ऑफिसात. दोन्ही घरांशी भांडभांडून पोरांनी हा दिवस उगवायला लावला होता. आज तारीख काढायची आणि सुपारी फोडायची, की लग्न पक्कं. पण अरुंधतीबाईंनी नवऱ्याला पढवायला पहाटेच सुरुवात केली. जात काढायची नाही, शेती काढायची नाही, निवडणूक तर मुळीच काढायची नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि भिंतीवरचा तो उघडा माणूस तेवढा उतरवून ठेवा. बरं दिसत नाही."

उघडा माणूस म्हणजे बॉक्सर मोहम्मद अली. कॉलेजात असल्यापासून तो फोटो मुकुंदरावांबरोबर होता. बँकेने बदली केली त्या प्रत्येक गावी आधी अलीचा खिळा ठोकला जायचा, मग गॅसची शेगडी लागायची. ते म्हणाले, तू देवघरातले देव उतरव, मग मी अलीला उतरवतो. फोटो तिथेच राहिला. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ हेच.

पाहुणे आले ते मिरचीचं पोतं घेऊनच. अश्विनने ते आणून खिडकीत घरघरणाऱ्या कूलरला टेकवून ठेवलं. पोत्याच्या तोंडाशी ताज्या कुटलेल्या तिखटाची थैली आहे, जपून उघडजा ताई, असं रुपरावांच्या बायकोने, जिजाबाईंनी, अरुंधतीबाईंना बजावलं. रुपरावांनाही घरून शिकवून आणलेलं असावं, कारण तेही जातीच्या जवळपास फिरकेनात. दोघं उन्हाबद्दल बोलले. मग पुन्हा उन्हाबद्दलच बोलले. ऊन संपल्यावर रुपरावांची नजर भिंतीवर गेली.

"हा अली ना?"

मुकुंदरावांना माणूस एकदम आवडून गेला. त्यांच्या सख्ख्या साळ्याने हा फोटो पाहून तुमचे कोणी नातेवाईक का, असं विचारलं होतं.

"चांगला होता," बशी खाली ठेवत रुपराव म्हणाले. "पण खरं सांगू का व्याही, टायसननं याले पयल्याच राउंडमंदी लोळवला असता."

मुकुंदरावांच्या मस्तकात तिडीक गेली. तरी त्यांनी बायकोकडे पाहून शांतपणे समजावून सांगितलं, की फोरमनसारख्या रेड्याला अलीने रिंगणाच्या दोरावर रेलून, मार खाऊन खाऊन दमवलं आणि मग झोपवलं, तिथे टायसन किस झाड की पत्ती. रुपराव म्हणाले, दमायले वेळ तर भेटला पाहिजे. मुकुंदराव म्हणाले, टायसनला मोठा गडी समोर आला की सुचत नव्हतं. रुपराव म्हणाले, तुमचा अली लढे कमी अन् नाचे जास्त. इथे मुकुंदरावांचा आवाज चढला. अरुंधतीबाईंनी मध्येच चिवडा पुढे केला, तो कोणी घेतला नाही.

"भर लढतीत समोरच्याचा कान चावणाऱ्या माणसाचं कौतुक मला सांगू नका," मुकुंदराव म्हणाले.

"काहून? नाचणाऱ्याचं मी इतका वेळ आयकून राहिलो ना? पाहा व्याही..."

"व्याही म्हणू नका. सुपारी फुटलेली नाही अजून." आणि मुकुंदरावांनी ताटातली सुपारी उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली.

अदितीचं तोंड पांढरं पडलं. तिला वाटलं होतं बाबा कधीतरी जातीवरून घसरतील, त्याची उत्तरं तिने पाठ करून ठेवली होती. टायसनवर तिची काहीच तयारी नव्हती. मुकुंदरावांना ते दिसलं, पण राग एकदा जिना चढला की उतरायचं नाव घेत नाही.

रुपराव उठले. "चाल वं जिजा. जिथं माणसाची किंमत नाही तिथं पोरगं द्यायचं नाही मले." दारापर्यंत गेले, आणि पोतं दिसताच परत फिरले. "जाता जाता दाखवूनच जातो. हा तुमचा अली समजा." त्यांनी बाह्या सारल्या आणि पोत्याला एक सणसणीत ठोसा दिला. पोतं पडलं नाही. मागे कूलरवर रेललं आणि तसंच उभं राहिलं.

मुकुंदरावांनी टाळी वाजवली. "पाहिलंत? दोरावर रेलला. अस्साच दमवायचा तो."

तिथे रुपरावांचा तोल गेला. दुसरा ठोसा त्यांनी खालून वर आणला, थेट पोत्याच्या तोंडावर. सुतळी तुटली, थैली फाटली, आणि कूलरने आपलं काम इमानेइतबारे केलं. सगळं तिखट त्याने एका फुंकरीत घरभर पोचवलं.

पुढे कोण कोणाला ढकलत जिना उतरलं ते कोणालाच सांगता येणार नाही. कूलर बंद करायला आत जायची कोणाची छाती नव्हती. खालच्या पार्किंगमध्ये सहाही जण घळाघळा रडत उभे राहिले. तळमजल्यावरच्या दीक्षाताई मेश्राम धावत बाहेर आल्या आणि कोण गेलं म्हणून त्यांनीही डोळ्याला पदर लावला. खरं कळल्यावर मात्र त्यांनी थंड दूध आणि ओले पंचे आणून दिले. मुकुंदराव आणि रुपराव एकाच पायरीवर, डोळ्यांवर पंचे दाबून, शेजारी शेजारी बसले. बसले ते बसले, तोंडं चालूच.

"पोतं हरलं नाही, फुटलं," मुकुंदराव खोकत म्हणाले.

"फुटलं म्हणजे हरलंच ना गा."

"पोरालाच विचारा तुमच्या. माझी पोरगी कोणाच्या पदरात पडत होती ते तरी कळू द्या."

"विचारा ना. माह्या घरचं पोरगं हाय. सांग रे अश्विन, कोण जिंकलं असतं?"

अश्विनने नाक पुसलं. "बाबा, मले बॉक्सिंग पाहणंच होत नाही. रक्त दिसलं का चक्कर येते."

"मलाही नाही आवडत," अदिती हळूच म्हणाली. "तो फोटो मी पुसते ते धूळ बसते म्हणून."

दोघा बापांनी डोळ्यांवरचे पंचे काढले. लाललाल डोळ्यांनी आधी पोरांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. मुकुंदरावांना आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता, आणि तो समजू शकेल असा माणूस त्या पार्किंगमध्ये एकच होता.

"हे असं कसं निपजलं हो तुमच्याकडे, व्याही?"

रुपरावांनी उसासा टाकला. "तुमच्याकडे तरी कुठं उजेड हाय? जाऊ द्या. लावून द्या एकमेकाच्या गळ्यात."

मुकुंदरावांनी खिशातून सुपारी काढून पायरीवर ठेवली. अडकित्ता वर घरात, तिखटात. रुपरावांनी पार्किंगमधली वीट उचलली आणि एका घावात सुपारीचे दोन तुकडे केले. जिजाबाई आणि अरुंधतीबाईंनी रडतच एकमेकींना कुंकू लावलं.

"पाहा," वीट खाली ठेवत रुपराव म्हणाले. "पयल्याच राउंडमंदी."

मुकुंदरावांनी एक तुकडा तोंडात टाकला. सुपारी एका जागी पडून होती म्हणून तुमचा नेम लागला, म्हणाले. नाचली असती म्हणजे कळलं असतं.