इस्माईलचाचांची कट्यार आणि आईची लिंबं

वाशीमला आमच्या शेजारी एक म्हातारा दर मोहरमात आपल्या कट्यारीला आंघोळ घालत असे, आणि तीही लिंबाच्या रसाने. लिंबं आमच्या झाडाची.

हे इस्माईलचाचा मूळचे मलायाचे, म्हणजे आजच्या मलेशियाचे. तरुणपणी गोऱ्या साहेबाविरुद्ध लढले, हरले, जंगलातून पळाले आणि जहाजावर भांडी घासत मक्केला पोचले. तिथे त्यांना वाशीमचा एक अत्तरवाला भेटला. त्याने यांना घरी आणलं आणि थेट जावई करून टाकलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आता ऐंशीच्या घरातले हे योद्धे चौकड्यांची लुंगी नेसून, कमरेला ती नागमोडी कट्यार खोचून बाजारात वांग्यांचा भाव करत. भाव पटला नाही की गरजत, "मी लढवय्या मानूस आहो!" वांगेवाली म्हणे, "मंग लढा, पन वांगे दाबू नोका."

कट्यार कुणावर उगारलेली आम्ही कधी पाहिली नाही. एकदा गल्लीत मोकाट वळू शिरला, तेव्हा सगळे आशेने चाचांकडे पाहू लागले. चाचा शांतपणे घरात गेले, कडी लावली आणि खिडकीतून म्हणाले, "माही कसम हाय. गोरा आमच्या मुलुखातून जात नाही, तोवर ही काही कापनार नाही."

आपल्याकडे स्वातंत्र्य आल्यापासून दर पंधरा ऑगस्टला चाचा शाळेच्या मैदानात सर्वांच्या आधी हजर. सलामी अशी ठोकत की मैदान रिकामं झालं तरी हात खाली येत नसे. हेडमास्तरच तो धरून खाली करीत. "झालं की आता, चाचा," मी म्हणे. "तालीम करून राह्यलो," चाचा सांगत, "आमचाबी दिवस येईन."

आईचा मात्र त्या लिंबांवर जीव. झाड तिने माहेरून, आसेगावहून आणलेलं. "माह्या लोनच्याचे लिंबं तुमची कट्यार पिऊन राह्यली!" ती कुंपणावरून ओरडे. चाचा लिंबं वेचता वेचता विचारत, "लोखंडाले जंग चढला तं लढू काय चमच्यानं, बहेन?"

सत्तावन्न सालच्या ऑगस्टात चाचा पेपर नाचवत आले. महिनाअखेर मलाया स्वतंत्र होणार होता! पण झेंडा कुठून आणायचा? पेपरातला फोटो काळापांढरा. पट्टे, चंद्र आणि तारा एवढं कळलं, रंग कुणालाच कळेनात. चाचांना विचारलं तर ते खजील झाले. "मी निंगालो तवा हा झेंडाच नोता." शेवटी गल्लीतल्या शिंप्याने आपली अक्कल लढवली. आईच्या लुगड्याचे हिरवे पट्टे, कुणाच्या तरी फेट्याचे गुलाबी पट्टे आणि गादीच्या खोळीचा चंद्र.

एकतीस तारखेला सकाळी अख्खी गल्ली चाचांच्या ओट्यासमोर जमली. झेंडा वर गेला. त्यांच्या देशाचं गाणं कुणाला येत नव्हतं, म्हणून बँडवाल्यांनी वरातीचं वाजवलं. आम्ही खुदुखुदू हसत होतो. मग चाचांकडे लक्ष गेलं. त्या हिरव्या-गुलाबी झेंड्याला सलामी देत ते ढसाढसा रडत होते. आमचं हसू कुठल्या कुठे गेलं.

मग त्यांनी कट्यार उपसली. पुढचे लोक मागे पळाले. चाचांनी सदऱ्याच्या खिशातून लिंबू काढलं, कापलं आणि एक फोड आईच्या हातावर ठेवली. "कसम फिटली, बहेन. आता हिले आंघोळ नाही. लिंबं तुमच्या लोनच्याले."

सगळे पांगल्यावर ते ओट्यावर बसून राहिले. "मुलुख मोकळा झाला," मला म्हणाले, "पन तिथं मले वळखनारं कोनी असन काय रे आता?" घरी जाऊन मी ते आईला सांगितलं.

पुढच्या मोहरमात चाचा लिंबं मागायला आलेच नाहीत. आई दोन दिवस झाडाखाली घुटमळली. मग पदरात लिंबं घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काहून आले नाही?" ती डाफरली. "तिथलं मले माईत नाही, चाचा. इथलं तं झाडबी वळखते तुमाले. काढा ती कट्यार. अन् रस सांडू नोका."