नवसाचा गुडघा

एर्सिलियाचं गाणं मध्येच थांबलं, की तिच्या नवऱ्याला, आदेल्मोला कळायचं, बाईसाहेब मनाने मांतोवाला पोचल्या.

बोळापलीकडच्या पाल्मिराबाईंच्या छोट्या हॉटेलातल्या चादरींना गेली तीस वर्षं एर्सिलियाच इस्त्री करत होती. स्वतःच्या घरात, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी तिचं टेबल. खाली चादर, वर वाफ. वाफ दाटली, की त्या पांढऱ्या कापडाचं तिला तळं दिसायचं. तळ्यावर धुकं, धुक्यात गुलाबी कमळं, आणि पलीकडे पाण्यावर तरंगत असल्यासारखं ते मांतोवा शहर. हे सगळं तिने पाहिलं होतं एका पत्र्याच्या डब्यावर. नणंदेने तिकडून बदामाचा केक आणला होता. केक संपून बावीस वर्षं झाली, डब्यात आता बटणं होती, पण झाकणावरची कमळं काही कोमेजली नव्हती.

"एकदा जायचं रे," ती म्हणायची. "हॉटेलात उतरायचं. दुसऱ्या कुणी घातलेल्या बिछान्यावर झोपायचं. सकाळी दारावर टकटक, आणि दुसऱ्या कुणी केलेली कॉफी अंथरुणात. बस. मग देवाने नेलं तरी चालेल."

"देव कशाला, आधी रेल्वेने नेऊ की," आदेल्मो म्हणायचा, आणि विषय तिथेच राहायचा. माणूस तोदी गावाच्या टेकडीखालच्या स्टेशनात पस्तीस वर्षं तिकिटं देत बसलेला. अख्ख्या जगाला गावाला धाडलं, स्वतः मात्र जवळच्या पेरुजा शहराच्या पुढे फारसा गेला नाही. एक तर त्याचा हात जरा आखडता. आणि दुसरं कारण म्हणजे त्याचा गुडघा.

या गुडघ्याविषयी आधीच सांगून टाकलेलं बरं. दहा वर्षांपूर्वी चादरींची टोपली उचलताना तो एकदा खरोखर लचकला होता. आठवड्यात बराही झाला. पण त्या आठवड्यात सगळ्या टोपल्या एर्सिलियाने वाहिल्या आणि गडी विचारात पडला. तेव्हापासून टोपली दिसली, की त्याचा गुडघा दुखायचा. पत्ते खेळायला नाझारेनोच्या बारमध्ये जाताना मात्र चढ नाही, उतार नाही, कशालाच कुरकुर करायचा नाही.

या जुलैत दोघांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. आदेल्मोने मनाशी ठरवलं, की तिला काही न सांगता मांतोवाचं पक्कं करायचं. त्याने तळ्याकाठच्या हॉटेलांचे भाव विचारले आणि त्याला कळ आली. गुडघ्यात नव्हे, छातीत.

"हॉटेलं कसली बघतोस वेड्या?" नाझारेनो बारच्या फळीमागून म्हणाला. "मठातल्या ननबायांकडे उतर. निम्म्याहून कमी पैसे, सगळं कसं लख्ख, आणि खिडकीतून थेट तळं."

"मग सगळं जग तिथेच का नाही उतरत?"

"यात्रेकरूंनाच देतात. आपल्या फादरचं पत्र लागतं."

इथेच घोडं अडलं. स्वतःच्या लग्नानंतर आदेल्मो चर्चमध्ये गेला होता तो फक्त मयतांना, आणि तेव्हाही बाहेर सिगारेट ओढत उभा. तो आत शिरताना पाहून डॉन उबाल्दो, म्हणजे गावचे फादर, घाबरून उठलेच.

"कोण गेलं रे?"

"कुणी नाही, फादर. पत्र हवं होतं. आम्ही दोघं मांतोवाला जातोय. यात्रेला."

"यात्रेला? तू?"

"नवस फेडायचाय."

"कसला नवस?"

एवढा पुढचा विचार आदेल्मोने केलाच नव्हता. त्याने मान खाली घातली, तर समोर स्वतःचाच गुडघा. "याचा," तो म्हणाला. "दहा वर्षं दुखत होता. शेवटी नवस बोललो. थांबला."

डॉन उबाल्दोंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. "लेकरा," ते म्हणाले, "चाळीस वर्षं वाट पाहिली रे तुझी." आणि चार ओळींच्या जागी त्यांनी दीड पान पत्र लिहून दिलं. आदेल्मोने त्याच दिवशी मठात फोन केला. दोन रात्री, दोघांची खोली, "आणि खिडकी तळ्याकडचीच हं, सिस्टर." पुढचे चार दिवस तो जमिनीवर नव्हताच. पाचवा दिवस रविवार होता.

एर्सिलिया प्रार्थनेहून आली. डोक्यावरचा रुमाल न काढताच त्याच्यासमोर उभी राहिली.

"गुडघा बरा झाला म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"डॉन उबाल्दो. माईकवर."

एर्सिलियाने कोपऱ्यातली चादरींची भरलेली टोपली पायाने त्याच्याकडे सरकवली. "उचल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गुडघा दुखतोय म्हणावं, तर चमत्कार खोटा ठरतो. दुखतच नव्हता म्हणावं, तर दहा वर्षांच्या टोपल्या अंगावर येतात. त्याने मुकाट्याने टोपली उचलली.

"मांतोवाला जातोय आपण, हेही मला माईकवरूनच कळलं," ती म्हणाली. रागवायचं तिने ठरवलं होतं, पण नजर फडताळावरच्या डब्याकडे गेली आणि राग कुठल्या कुठे विरघळला. "खिडकी कुठली?"

"तळ्याकडची."

त्या दिवशी ती चादरी संपल्या तरी गात होती.

आता तोदीत कुठेही जायचं तर एक तर चढावं लागतं, नाहीतर उतरावं लागतं. साठी उलटलेल्या माणसाचा गुडघा इथे धड असेल तर शपथ. सोमवारी सकाळीच नाझारेनो आदेल्मोच्या दाराशी हजर. "मित्र म्हणवतोस आणि एकटा एकटा बरा होतोस? माझे दोन्ही गेलेत. आम्हीही येणार." मंगळवारी पाववाला आणि त्याची बायको. बुधवारी खुद्द पाल्मिराबाई, "आमच्या हॉटेलाला तीन मजले नि लिफ्ट नाही, माझ्या गुडघ्यांकडे कोण बघणार?" यात्रेच्या त्या दोन दिवसांसाठी त्यांनी कुणाला खोलीच दिली नाही. हॉटेल बंद ठेवून यायचं ठरवलं. महिन्याभरात डॉन उबाल्दोंची यादी पन्नासाच्या वर गेली आणि त्यांनी आख्खी बस ठरवली.

"तू एक पणती लावलीस आदेल्मो, सगळं गाव उजळलं बघ!" त्यांनी भर चौकात त्याला मिठी मारली. "एकच आहे. माणसं वाढली ना, तेव्हा ननबाया म्हणतात, बायका एका दालनात, पुरुष दुसऱ्यात. रात्री नऊला दार बंद."

"पण फादर, आमची ती तळ्याकडची खोली..."

"ती मला दिलीय. नको नको म्हणत होतो मी."

एर्सिलियाची खाट पाल्मिराबाई आणि पाववाल्याची बायको यांच्या मधोमध आली. पाल्मिराबाई घोरतात हे बोळातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. त्यात बायकांनी ठरवलं, की तिथल्या मिरवणुकीतल्या निशाणाला एक सुरकुती असता कामा नये, आणि इस्त्री करावी तर एर्सिलियानेच. ती नाही म्हणाली नाही. नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी ती बॅग भरत होती. तिचा एक फुलांचा झगा, त्याचा कोट, आणि टॉवेलात गुंडाळलेली इस्त्री. ती इस्त्री बघितली आणि आदेल्मोला स्वतःची खरी लाज वाटली. चाळीस वर्षांत बाईने एक गोष्ट मागितली, आणि तीही आपण अशी करून ठेवली, की तिथे जाऊनही हिच्या हातात इस्त्रीच.

"एर्सिलिया, तो गुडघा..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दहा वर्षं माहीत आहे. पत्ते खेळायला शिट्टी वाजवत उतरतोस. मी कुठे असते? खिडकीतच ना?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, असू दे. माणसाजवळ एखादी तरी लबाडी असावी," ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वेशीबाहेर बस उभी होती. पाऊस पहाटेच पडून गेला होता, रस्ते ओले होते. सगळे आपापल्या जागी बसले. आदेल्मो आणि एर्सिलिया पुढून दुसऱ्या बाकावर. ड्रायव्हर निघणार, एवढ्यात वेशीतून काठ्या टेकत दोन आकृत्या आल्या. कोर्राडीनी बहिणी. थोरली अठ्ठ्याऐंशीची, धाकटी शहाऐंशीची. यादीत नाव नाही, काही नाही.

"नाव कशाला द्यायचं?" थोरली म्हणाली. "देवाला माहीत आहे आम्ही येणार ते."

देवाला माहीत असेल, पण बसमध्ये एकही जागा नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, दोघं उतरल्याशिवाय चाक हलणार नाही. सगळे आपापले गुडघे चोळत खिडकीबाहेर पाहू लागले. तेव्हा नाझारेनोला सुचलं, आणि त्याला जे सुचतं ते तो लगेच बोलतो.

"मी काय म्हणतो, ज्याचा गुडघा आधीच बरा झालाय, त्याचं तिकडे काम काय?"

पन्नास माना आदेल्मोकडे वळल्या.

"नवसाची मेणबत्ती मी लावीन तुझ्या नावाने," डॉन उबाल्दो हळूच म्हणाले. "तू काळजी करू नकोस."

आदेल्मो काही बोलणार, तोवर एर्सिलिया उठलीसुद्धा होती. तिने धाकटीचा हात धरून तिला आपल्या जागेवर बसवलं, बॅग घेतली आणि खाली उतरली. थोरलीला जागा देऊन आदेल्मोही मागोमाग उतरला. पाल्मिराबाईंनी खिडकीतून किल्ल्यांचा जुडगा पुढे केला. "थांबतेच आहेस ना, मग कुंड्यांना पाणी घाल ग, आणि मांजराला दूध!"

बस वळणाआड गेली. एर्सिलिया त्या रिकाम्या वळणाकडे बघत उभी राहिली.

"कमळं दुपारी मिटतात म्हणे," ती म्हणाली. "आपण पोचेपर्यंत मिटलीच असती." तिने रुमालाने नाक पुसलं. ती स्वतःची समजूत घालत होती आणि आदेल्मोला ते बघवेना. त्याची नजर तिच्या हातातल्या जुडग्यावर गेली. त्याने जुडगा काढून घेतला, दुसऱ्या हाताने बॅग उचलली आणि चालू लागला. बोळात आल्यावर तो स्वतःच्या दाराशी थांबलाच नाही. पलीकडे गेला, हॉटेलाचं कुलूप उघडलं आणि पाहुण्यांची नावं नोंदवायच्या उंच फळीमागे जाऊन उभा राहिला.

"आपलं नाव, बाई?"

"काय हे चाळे?"

"नाव सांगा. मागे गर्दी आहे."

एर्सिलियाने मागे पाहिलं. मागे फक्त मांजर होतं. "एर्सिलिया," ती म्हणाली.

"खोली कशी हवी?"

ती फळीपाशी आली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "खिडकीची."

तीन मजले तो बॅग घेऊन चढला. इस्त्री आतच होती, दर पायरीला जाणवत होती. वरची खोली उघडली. बिछाना पाल्मिराबाईंनी घालून ठेवला होता, चादर ताणलेली, उशा फुगवलेल्या. एर्सिलिया उंबऱ्यातच थांबली. तीस वर्षं तिने चादरी या दारापर्यंतच आणल्या होत्या. मग चपला काढून, देवळात जावं तशी ती खिडकीपाशी गेली आणि तिने झडपा उघडल्या.

पहाटेच्या पावसाने खालची सगळी दरी धुक्याने भरली होती. शेतं नाहीत, रस्ते नाहीत, नदी नाही. नुसतं पांढरं तळं, काठोकाठ, आणि त्यावर तरंगणारं त्यांचं गाव. धुक्याच्या कडेशी कुणाच्या तरी गच्चीतली गुलाबी फुलं उघडी होती. खिडकीच्या चौकटीवर कोपरं टेकून ती बघत राहिली.

"अरे," ती शेवटी म्हणाली, "तुझी चड्डी इथून एवढी दिसते?"

बरोबर समोर, जरा खाली, त्यांची खिडकी होती, इस्त्रीचं टेबल होतं, आणि दोरीवर आदेल्मोच्या दोन लांब चड्ड्या वाऱ्यावर डुलत होत्या.

"तीस वर्षं लोक लांबून येऊन याचेच फोटो काढतायत म्हणायचं," आदेल्मो म्हणाला.

टेबलावर पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही होती. एर्सिलियाने सहज पान उलटलं आणि एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. तिने ते मोठ्याने वाचलं. "समोरच्या खिडकीतली बाई इस्त्री करताना गाते. आमच्या मांतोवात तळी आहेत, कमळं आहेत, पण असं गाणं ऐकत जाग येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, हीच खोली."

ती पलंगाच्या कडेवर बसली. पुन्हा एकदा वाचलं. या वेळी मनातल्या मनात. "मी एवढ्या मोठ्याने गाते?" तिने विचारलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. मग आडवी झाली, चादरीवरून तळवा फिरवत म्हणाली, "काय गार लागतेय रे. इस्त्री कुणी केलीय?"

"तूच."

"तरीच," ती म्हणाली, आणि भर सकाळी आठला गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी आदेल्मो तिच्याआधी उठला. खालच्या स्वयंपाकघरात त्याने आयुष्यात पहिल्यांदा कॉफी केली. पहिली उतू गेली, दुसरी जळली, तिसरी बरी दिसत होती. एवढ्यात नाझारेनोचा फोन आला. "अरे, तळ्यावर डास आहेत, डास! रात्रभर कुणी झोपलं नाही. पाल्मिराबाई घोरल्या, त्या भिंतीपलीकडून ऐकू आल्या. तू सुटलास लेका!"

आदेल्मो ट्रे घेऊन निघाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघ्यातून अशी कळ गेली, की कप बशीवर वाजला. दहा वर्षांत पहिल्यांदा खरी. ओरडून उपयोग नव्हता, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? कठड्याला टेकत, एकेक पायरी मोजत तो वर पोचला आणि त्याने दारावर टकटक केलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"हॉटेलचा माणूस."

ती उशीला टेकून बसली होती, केस मोकळे, खिडकी सताड उघडी. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले. मग एक डोळा उघडून त्याच्या पायाकडे पाहिलं. "खरं दुखतंय?"

"खरं."

"ये, वर घे पाय," ती सरकत म्हणाली. त्याने पाय वर घेतला. तिने कप बाजूला ठेवला, ती वही ओढून घेतली, आणि मांतोवाच्या ओळींखाली सावकाश, शाळकरी अक्षरात लिहिलं:

'खोली सुरेख. चादरींची इस्त्री उत्तम. कॉफी आणणारा माणूस लंगडतो, पण कृपया बदलू नये.'