बांबूतला चोर

शेवटच्या प्रश्नाला बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. व्यासपीठावर त्यांची लेक होती, दोन्ही संघ बरोबरीत होते आणि करंडक आता एका उत्तरावर अडला होता.

परीक्षक बाईंनी चिठ्ठी उघडली. "फसवणे या अर्थाचा इंग्रजी शब्द बॅम्बूझल. तो कुठून आला?"

बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. या शब्दाचं मूळ कुणालाच नक्की ठाऊक नाही, हे त्यांच्यासारख्या कोशकाराला कुणी सांगायला नको. म्हणून तर आपल्या मोठ्या कोशाच्या गेल्या आवृत्तीत त्यांनी त्यापुढे 'पोकळ बांबूत माल लपवणाऱ्या खलाशांवरून' अशी लोणकढी थाप छापली होती. कोशाच्या धंद्यात चोर पकडायची ही जुनी युक्ती. एक खोटी नोंद पेरायची आणि ती कुणाच्या कोशात उगवते ते बघत बसायचं. मागच्या गल्लीतल्या प्रकाशकावर त्यांचा दाट संशय होता. घरात हे गुपित फक्त लेकीला ठाऊक होतं.

"मूळ अज्ञात आहे," लेक ठामपणे म्हणाली.

"चूक." बाईंनी मागच्या गल्लीतल्या प्रकाशकाचा कोराकरकरीत कोश उघडून दाखवला. "पोकळ बांबूत माल लपवणाऱ्या खलाशांवरून."

बाबा हर्षाने ताडकन उठले. "सापडला. चोर सापडला. बाई, ती नोंद खोटी आहे, मी स्वतः रचलीय."

"आपण कोण?"

"मोठ्या कोशाचा संपादक."

"मग सोपं झालं." बाईंनी शाळेच्या ग्रंथालयातून मोठा कोश मागवला आणि पान काढलं. "इथंही खलाशीच आहेत. हे तुम्हीच छापलंय ना?"

"छापलंय, पण ती थाप आहे हो."

"म्हणजे छापलं ते खोटं, आणि मुलगी हरल्यावर बोलताय ते खरं?"

पालकांमध्ये खसखस पिकली. दोन कोशांपुढे एका बापाचं काय चालणार? करंडक पलीकडच्या संघाकडे गेला.

"पण चोर तर सापडला ना," वाटेत बाबा म्हणाले. लेक घरापर्यंत त्यांच्या चार पावलं पुढेच चालत राहिली.

सकाळी त्यांनी नव्या आवृत्तीचं प्रूफ काढलं. खलाशांवर काट मारून 'मूळ अज्ञात' लिहिलं. खाली उदाहरणाच्या वाक्याची जागा त्यांनी कोरी सोडली होती, ती कुणीतरी पेन्सिलीने भरली होती.

'चोराला बॅम्बूझल करायला बाबांनी खड्डा खणला, पडले मी.'

बाबांनी चष्मा पुसून वाक्य दोनदा वाचलं. त्यात बदलण्यासारखं काहीच नव्हतं. पेन्सिलीवरून त्यांनी सावकाश शाई फिरवली आणि पान छपाईला पाठवलं.