ढोमणे सरांचा बटाट्यांचा पाठ

आमच्या शाळेत ढोमणे सर पाच वर्षांच्या मुलांना 'अहो' म्हणतात आणि आम्हा मोठ्यांना 'पोट्टे'.

सकाळी आठला ते केजी टूच्या दारात उभे असतात. सहा फुटी माणूस, पांढऱ्या झुपकेदार मिशा, पायात पट्ट्यांच्या सँडल. समोरून शेंबूड पुसत कुणीतरी येतं. सर कमरेत वाकतात. "या, चाफले साहेब! आज डबा विसरले नाई ना? बसा, बसा." मागून निनावे मॅडम येतात. उंची साडेतीन फूट, एका पायात बूट, दुसरा पाय नुसत्या मोज्यात. "मॅडम, दुसरा कुठं ठेवला तुमी? बरं, सापडन." आणि त्यांच्यामागून शेजारच्या वर्गाची शिक्षिका, म्हणजे मी. बी.एड. झालेली, साडीला पिना लावून आलेली. मला काय? "काहून वं पोट्टे, आज लेट?"

केजी विभागात सर एकटेच पुरुष. त्याआधी बावीस वर्षं ते याच संस्थेत दहावीला गणित शिकवायचे. निकाल शंभर टक्के. सहा वर्षांपूर्वी एके दिवशी त्यांनी अर्ज दिला की मला केजीला पाठवा. लोक वरच्या वर्गासाठी धडपडतात, हे खाली उतरायला निघाले. स्टाफरूममध्ये तर्क झाले. कुणी म्हणालं बीपी, कुणी म्हणालं घरी काहीतरी बिनसलंय. मी एकदा सरळ विचारलं.

"दहावीचं गणित कठीण जाते वं मले," ते म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

या वर्षी संस्थेनं पुण्याहून एक नव्या समन्वयक मॅडम आणल्या. हुशार, तिशीच्या, हातात कायम क्लिपबोर्ड. त्यांनी जाहीर केलं की प्रत्येक शिक्षकाच्या एका पाठाचं निरीक्षण होईल, पाठाचं टाचण आठ दिवस आधी हवं. आमच्या मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ढोमणे सरांना केबिनमध्ये बोलावून वर एक गोष्ट सांगितली. निरीक्षण चांगलं झालं नाही, तर जूनपासून त्यांना पुन्हा दहावी देणार. मॅडमना वाटलं, सर खूश होतील.

सर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. माझ्यासमोर त्यांनी टाचणाचा छापील कागद ठेवला. "हे भरून दे वं. मले जमत नाई."

मी म्हटलं, तुम्ही आधी पेन्सिलनं लिहा, मी नीट करते. दुसऱ्या दिवशी कागद आला. विषय: कमी-जास्त. उद्दिष्ट: पोरं खुश राहिले पाहिजे. साहित्य: पोरं. वेळ: लागन तितका. मूल्यमापन या रकान्यात त्यांनी फक्त एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"सर, असं चालत नाही. 'मूल दोन गटांतल्या वस्तूंची एकास एक जोडी लावून कमी-जास्त ओळखू शकेल', असं लिहावं लागतं."

"अन् नाई ओळखू शकलं तं?"

"तर तुमचा पाठ फसला."

"मंग हा कागद पोराले भेव घालते का मले?"

मला तेव्हा ते विनोद करताहेत असं वाटलं होतं.

मग साहित्याचा घोळ सुरू झाला. मी चिंचोके सुचवले. सर ठाम. "चिंचोका नाकात जाते. मागच्या साली बावनकर साहेबांले डॉक्टरकडं नेलं होतं." बाटलीची झाकणं? "जिभेले चिकटवतात." मणी? "पोटात." दोन दिवस विचार करून ते म्हणाले, "बटाटे. बटाटा कुठंच जात नाई."

बुधवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं सक्करदऱ्याच्या बाजारात गेलो. सरांना अकरा बटाटे हवे होते, पण सगळे एका मापाचे. "एक मोठा आला ना, तं पोरगं तोच जास्त समजते." खिशातून सुतळीचा तुकडा काढून ते एकेका बटाट्याचा घेर मोजू लागले. पंधरा मिनिटं झाली. भाजीवाली कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काका, बटाटे घेऊन राहिले का सून पाहून राहिले?"

"सून मिळन वं बाई," सर सुतळी गुंडाळत म्हणाले, "सारखे अकरा बटाटे नाई मिळत."

पाठाची कल्पना मात्र त्यांची आणि सुरेख होती. एका ओळीत सहा बटाटे जवळजवळ, दुसरीत पाच लांबलांब मांडलेले. विचारायचं, जास्त कुठं? मुलं लांब ओळ दाखवतात. मग त्यांनीच जोड्या लावायच्या आणि स्वतः शोधून काढायचं. मी त्याची मिनिटं पाडली. प्रस्तावना पाच, कृती पंधरा, मूल्यमापनाची चित्रं रंगवणं दहा. सरांनी ते शाळकरी पोरासारखं पाठ केलं.

एकदा शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वर्गापाशी आले, तर आतून आवाज. रिकाम्या बावीस खुर्च्यांपुढे सर गुडघे टेकून बसले होते आणि पाठ घेत होते. मुलांची उत्तरंही तेच देत होते, प्रत्येकाच्या आवाजात. "चाफले साहेब, तुमी बुटाची लेस सोडून राहिले, दिसून राहिलं मले. हां, निनावे मॅडम, बोला." मग बारीक आवाजात, "सर, मले सू लागली." मग पुन्हा आपल्या आवाजात, "जाऊन या. आमी थांबतो." आणि खरंच थांबले. घड्याळ पाहत, पूर्ण दोन मिनिटं.

निरीक्षणाच्या दिवशी मला मागच्या बाकावर बसायला परवानगी मिळाली. समन्वयक मॅडम खिडकीशी बसल्या. प्रस्तावना बरोबर पाच मिनिटांत झाली. बटाटे मांडले गेले.

"निनावे मॅडम, जास्त बटाटे कुठं आहेत?"

निनावे मॅडम उठल्या आणि लांब ओळीकडे बोट दाखवलं. हे टाचणातच होतं. पुढचं वाक्य मलाही पाठ होतं. पण तेवढ्यात समन्वयक मॅडमनी मान वर केली आणि क्लिपबोर्डवर काहीतरी लिहिलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्या आपलं काम करत होत्या. पोरीनं मात्र ते पाहिलं. तिला कळलं की आपलं चुकलं. तिनं दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले.

सर थांबले. टाचण-बिचण सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं, हे मला लांबून दिसलं. ते हळूच खाली बसले, फरशीवर, तिच्यापेक्षा खाली.

"मॅडम, कोणी रागावत नाई इथं. मले सांगा, तुमाले ते जास्त काहून वाटले?"

तिनं हात मागेच ठेवून हनुवटीनं ओळ दाखवली. "ती लाईन लांब आहे."

"हाव. लांबच आहे. बरोबर पाहिलं तुमी." मग सरांनी बटाटे स्वतः मोजायला घेतले आणि मुद्दाम चुकले. एक, दोन, चार. सर पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा तिच्यानं राहवलं नाही. एक हात पाठीमागून आला आणि तिनं तिसऱ्या बटाट्यावर बोट ठेवलं. "तीन!" मग दुसरा हात आला. मग तिनं सरांना बाजूला सारून जोड्या लावल्या, उरलेला एक बटाटा उचलला आणि वर्गाला ओरडून सांगितलं, "इकडं जास्त आहेत!"

तोवर घंटा झाली. चित्रं तशीच कोरी राहिली.

अहवाल त्याच दुपारी आला. 'पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. वेळेचे नियोजन आवश्यक. मूल्यमापन अपूर्ण. जानेवारीत पुन्हा निरीक्षण करावे.' खाली हातानं एक ओळ होती: 'ती मुलगी जाताना मला बटाटे मोजून दाखवून गेली.'

"म्हणजे सध्या इथंच," मी म्हटलं.

सर शाळेच्या पायऱ्यांवर बसले होते. म्हणाले, "तिनं हात मागं नेले, पाहिलं तू?"

आणि मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षांआधी ते महाल भागात चष्मा घ्यायला गेले. काउंटरवर त्यांचा जुना विद्यार्थी होता, प्रवीण. "मी म्हटलं, काहून गा, ओळखलं का? त्यानं मले पाहिलं अन् दोन्ही हात मागं नेले. लग्न झालेला माणूस वं, सोताच्या दुकानात उभा. त्यालेही समजलं नाई. हसला, फ्रेमा दाखवल्या. पण मी पाहिलं ना. मी फूटपट्टीनं मारत होतो. उभ्या पट्टीनं. शंभर टक्के निकाल, काय समजली? दुसऱ्याच दिवशी अर्ज देल्ला."

"त्याची माफी मागितली तुम्ही?"

"जातो ना. दर महिन्याले जातो. चष्म्याचा स्क्रू टाईट करून घेतो अन् वापस येतो. तोंडातून निघतच नाई."

"दर महिन्याला ढिला होतो स्क्रू?"

"मीच करतो," सर म्हणाले.

मी माझी स्कूटर काढली. "चला, आज मी येते."

प्रवीणचं दुकान अरुंद गल्लीत, एका खुर्चीचं. त्यानं न विचारता चष्मा हातात घेतला, बारीक पेचकस काढला. सर काचेच्या कपाटाकडे बघत राहिले. आजही असंच परत जाणार, असं मला वाटलं. तेवढ्यात प्रवीणच मान खाली घालून म्हणाला, "सर, एक विचारायचं होतं. माझी पोरगी जूनमध्ये केजीत येते. तुमच्या वर्गात जागा मिळन का?"

"माह्याजवळ काहून टाकतं गा?" सरांचा आवाज फाटला. "मी तुले लय मारलं."

पेचकस थांबला.

"हाव सर," प्रवीण म्हणाला. "अजूनही सपनात येता कधी कधी." मग त्यानं काच फडक्यानं पुसली. "माझ्या साळ्याचा पोरगा तुमच्या वर्गात आहे. रोज घरी मोजते, रोज चुकते, अन् हसते. बायकोनं ते पाहिलं. तीच म्हणे, तिथंच टाकू."

सर वळले आणि तसेच दुकानाबाहेर गेले. चष्मा मी घेतला.

बाहेर ते गल्लीकडे तोंड करून उभे होते. मी चष्मा दिला, त्यांनी तो खिशात टाकला. मी स्कूटर चालू केली, ते मागे बसले. गल्ली संपून मोठा रस्ता लागला. सिग्नलला त्यांनी माझ्या खांद्यावर बोटानं टकटक केलं.

"पोरीचं नाव विचारायचं राहिलं ना वं."

मी स्कूटर वळवली.